ऑक्टाव्हिया आरएस २००४ : गिअरच्या केबल बदलायच्या आहेत (इंदूर)

राजेंद्रनगर_आरएस

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ ची, १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअर.

सकाळी थंड गाडीत सगळे गिअर ठीक पडतात. राजवाड्याच्या बाजूने जवाहर मार्गाच्या गर्दीत अर्धा तास गेला की पहिला आणि रिव्हर्स अडायला लागतात. दांडा डावीकडे शेवटपर्यंत जात नाही, तळहाताने रेटावा लागतो. तिसरा-चौथा कधीच त्रास देत नाहीत. पाचवा टाकायला जावं तर कधी कधी तिसराच पडतो. न्यूट्रलमध्ये दांडा सोडला की मधल्या रेघेवर परत येत नाही, तिथेच लोळत राहतो.

एका ठिकाणी क्लच प्लेट सांगितली, दुसऱ्या ठिकाणी केबल. भाग मागवण्याआधी नक्की काय ते कळलं पाहिजे. पिटची सोय आहे, हत्यारंही आहेत. क्रमाने सांगाल का?

पाना_१३

पाचवा मागितला आणि तिसरा मिळाला, हे क्लचमुळे होत नाही. क्लच नीट सुटत नसेल तर गिअर अडेल, कर्रकन वाजेल, पण चुकीच्या रांगेत (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा अशा दांड्याच्या रेघा) जाणार नाही. तुमचा दोष डाव्या-उजव्या हालचालीत आहे. तरीही हातात पाना घेण्याआधी खात्री करा.

आधी रचना. या गाडीत ०२जे गिअरबॉक्स आहे. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. शिफ्ट केबल पुढे-मागे हालचाल नेते, सिलेक्ट केबल डावी-उजवी. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक उभा शाफ्ट आहे. सिलेक्ट केबल आडव्या रिले लिव्हरमार्फत त्याला वर-खाली करते, म्हणजे रांग निवडते. शिफ्ट केबल वजन लावलेल्या लिव्हरने त्यालाच फिरवते, म्हणजे गिअर टाकते. आतली स्प्रिंग शाफ्टला तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणून उभी करते. म्हणून सिलेक्ट केबल अडली की तिसरा-चौथा शाबूत राहतात आणि बाकीचे सगळे बिघडतात. तुमच्या गाडीचं चित्र हेच आहे.

तपासणी गाडी गरम असतानाच करा, थंड झाली की दोष लपेल. हातमोजे घाला.

१. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा टाका, कारण उभ्या गाडीत दाते दात्यांवर येऊ शकतात. इंजिन बंद असताना सगळं मऊ आणि चालू असतानाच अडत असेल तर क्लचकडे, म्हणजे ब्रेक ऑइलची पातळी, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर यांच्याकडे जा. बंद असतानाही अडत असेल तर पुढे वाचा.

२. बॅटरी आणि तिचा ट्रे काढा. गिअरबॉक्सचं डोकं समोर येतं. कोणाला तरी आत बसवून दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही केबलच्या टोकांकडे पाहा. केबलचं टोक हललं पण लिव्हर उशिरा हलला, तर बुश (सांध्यातलं छोटं अस्तर) झिजलाय. टोकच कमी हललं, तर केबल किंवा आतला सांधा.

३. दोन्ही केबलची टोकं गिअरबॉक्सवरून सोडवा. शाफ्ट हाताने खाली दाबा, वर उचला, दोन्हीकडे फिरवा. सोडला की तो स्वतःहून मधल्या पातळीला यायला हवा. इथेच जड लागला तर केबल बदलून काही होणार नाही, दोष शाफ्टमध्ये आहे.

४. टोकं मोकळीच ठेवून आत दांडा हलवा. पुढे-मागे आणि डावी-उजवी, दोन्हीकडे सारखाच हलका चालला पाहिजे. ज्या दिशेने जड, त्या दिशेची केबल गेली.

स्प्रिंगवॉशर

यात एक भर घालते. जडपणा कधी येतो यावरून बरंच कळतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी गिअर जड आणि पाच किलोमीटरनंतर मोकळे, तर गिअर ऑइल किंवा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारी कडी) पाहा. गाडी तापल्यावर जड, तर केबल आणि उष्णता. केबलच्या पोटात प्लास्टिकची नळी असते. एक्झॉस्टच्या वरचा पत्रा ढिला झाला किंवा पडला की ती नळी तापून मऊ होते आणि आतल्या तारेला धरते. पावसाळ्यानंतर जड, तर टोकाचं रबर फाटून पाणी शिरलंय, गंज आहे.

आपल्याकडे या तिन्हींत काळ्या मातीची भर पडते. ओली असताना ती मलमासारखी टोकाच्या रबरात जाते आणि मे महिन्यात सिमेंटसारखी बसते. पिटवर गेल्यावर एक्झॉस्टच्या वरच्या त्या उष्णतेच्या पत्र्याचे नट आधी बघा.

राजेंद्रनगर_आरएस

तपासलं. इंजिन बंद असतानाही पहिला अडतो. शाफ्ट हाताने अगदी मोकळा आहे, सोडला की मध्ये येतो. दांडा पुढे-मागे हलका, डावी-उजवी जड आणि झटके देत जातो. सिलेक्ट केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला रबराखाली तांबूस भुकटी आहे. उष्णतेच्या पत्र्याचे दोन नट गायब आहेत आणि पत्रा एका बाजूने लोंबतोय. रिले लिव्हर बोटाने हलवला तर खेळ जाणवतो.

पाना_१३

मग निकाल लागला. सिलेक्ट केबल, रिले लिव्हरचे बुश आणि पत्रा. तिन्ही एकदमच करा.

महूकर_डिझेल

एकच केबल खराब असेल तर एकच बदलावी की. शिफ्ट केबल हलकी चालतेय तर पैसे कशाला घालायचे? आणि दुसरं, जुन्या केबलचं कवच ठेवून आतली तार नवी घालून देणारे कारागीर आहेत. टोकं जुनीच वापरतात. ते चालत नाही का?

पाना_१३

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेहनतीत आहे. एक केबल बदलायची तरी कन्सोल, एक्झॉस्ट, पत्रा, दांड्याचं कवच हे सगळं उतरवावंच लागतं. दोन्ही केबलचं वय एकच, दोन्हींनी उष्णता सारखीच खाल्ली आहे. सहा महिन्यांनी दुसरीसाठी हेच काम पुन्हा करण्यापेक्षा आत्ताच जोडी बदलणं मला शहाणपणाचं वाटतं. खिशाला अगदीच झेपत नसेल तर एक बदला, चूक म्हणणार नाही.

तार बदलण्याबाबत मात्र माझं मत पक्कं आहे. करू नका. बाइकच्या क्लचची केबल फक्त ओढते. तिचं कवच स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, ते दाब सोसतं आणि तेवढंच त्याचं काम. गिअरची केबल ओढतेही आणि ढकलतेही. तिच्या कवचात तारा लांब पिळाच्या, केबलला जवळजवळ समांतर असतात, म्हणजे कवच दाबलं जात नाही आणि ताणलंही जात नाही. आतली तारही जाड आणि ताठ. ढकलताना ही तार नळीच्या आत किंचित नागमोडी होते. नळी जेवढी झिजलेली किंवा तार जेवढी बारीक, तेवढी नागमोड जास्त, आणि तेवढी दांड्याची हालचाल वाटेतच विरते. झिजलेल्या नळीत नवी तार घातली की पहिल्या दिवशी हलकं वाटतं, पण खेळ तसाच राहतो. वरून टोक दाबून बसवलेलं असतं. घाटात दुसरा टाकताना ते निसटलं तर?

खंडवारोड

पूर्ण सहमत. भेरूघाटात उतरताना खालचा गिअर न मिळणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. इथे काटकसर नको.

राजेंद्रनगर_आरएस

ठीक, जोडीच मागवतो. यादी द्याल का? आणि डिझेल ऑक्टाव्हियाची केबल "तीच आहे" असं दुकानात सांगतात, ती घेऊ का?

स्प्रिंगवॉशर

"तीच आहे" वर विश्वास ठेवू नका. याच प्लॅटफॉर्मवर चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑडी ए-३, सीट लिऑन अशा गाड्या बनल्या. केबल दिसायला सारख्या दिसतात, पण टोकाची कडी, क्लिपची बाजू आणि लांबी वेगळी निघू शकते. चॅसिस नंबरवरून भाग क्रमांक काढून घ्या. नवी आली की जुनीशेजारी जमिनीवर सरळ ठेवून तीन गोष्टी जुळवा: कवचाची लांबी, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या तारेची लांबी, आणि कडीचं आतलं भोक.

यादी:

शिफ्ट केबल १, सिलेक्ट केबल १. दोन्ही कंपनीच्या बंद पाकिटातल्या, लॉकिंग कॉलरसकट (केबलची लांबी पक्की करणारं टोकाजवळचं कडं).
रिले लिव्हर १, त्याचे बुश आणि नायलॉनचा सरकता ठोकळा यांच्यासह. नुसते बुश मिळाले तरी चालेल.
केबलच्या टोकांच्या क्लिपा. लागतात त्यापेक्षा दोन जास्त घ्या, जुन्या काढताना उडतात आणि सापडत नाहीत.
दांड्याच्या कवचाचं वरचं आणि तळाच्या झाकणाचं गॅस्केट.
एक्झॉस्टच्या मधल्या जोडाचा क्लॅम्प १.
आपोआप ढिले न होणारे (सेल्फ-लॉकिंग) एम-८ नट ४, दांड्याच्या कवचासाठी.
उष्णतेच्या पत्र्याचे नट ६, आणि त्याच भोकांसाठी मोठ्या व्यासाचे स्टीलचे वॉशर ६. हे सियागंजात सहज मिळतील.
दांड्याच्या मुठीखालचा क्लॅम्प १. जुना कापूनच निघतो.
प्लास्टिकला चालणारं ग्रीस, छोटी ट्यूब.

क्लच आणि माउंट (इंजिन-गिअरबॉक्स धरणारे रबरी आधार) सध्या सोडा. फक्त गिअरबॉक्सच्या खालचा छोटा माउंट, ज्याला सगळे डॉगबोन म्हणतात, त्याचं रबर फाटलंय का ते पिटमधून पाहून ठेवा. तो गेला असेल तर पहिल्यात जोरात उचलताना गिअरबॉक्स झुलतो आणि नव्या केबलनेही दुसरा खडखडत पडेल.

लिथियमग्रीस

ग्रीसवरून आठवलं, कृपया नव्या केबलच्या आत तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही घालू नका. आतलं अस्तर कोरडं चालण्यासाठीच बनवलेलं असतं. तेल गेलं की धूळ त्याला धरून बसते आणि वर्षभरात लापशी होते. ग्रीस फक्त टोकाच्या कडीला, रिले लिव्हरच्या खिळीला, नायलॉनच्या ठोकळ्याला आणि दांड्याच्या गोळ्याला.

पाना_१३

आता काम. एका माणसाला पूर्ण दिवस धरा, घाई नको. एक्झॉस्ट थंड झाल्याशिवाय खाली उतरू नका.

बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे का ते बघा, नाहीतर नंतर रेडिओ बंद. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बॅटरी, ट्रे बाहेर. हात जायला जागा कमी पडली तर हवेचा पाइपही सोडवा, आणि उघड्या तोंडात स्वच्छ कपडा कोंबा. टर्बो गाडीत एक नट आत गेला तर सगळा खर्च वेगळाच होईल.

गिअरबॉक्सवर : केबल हलवण्याआधी दोन्ही लॉकिंग कॉलर ब्रशने आणि क्लीनरने धुऊन घ्या. मग क्लिपा काढून दोन्ही टोकं लिव्हरवरून उचला आणि केबल धरणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडा. कोणता बोल्ट कुठला याचा फोटो काढून ठेवा. रिले लिव्हर इथेच बदला, नंतर हात पोचत नाही.

गाडीच्या आत : गिअरची मूठ चामड्यासकट वर खेचा, खालचा क्लॅम्प कापा. मधलं कन्सोल काढा. त्याचे स्क्रू झाकणांखाली लपलेले असतात, काही अडलं तर ओढू नका, स्क्रू राहिलाय. कन्सोलखाली दांड्याचं कवच दिसेल, त्याचे चार नट. ते काढा, पण शेवटचा नट दोन आट्यांवर राहू द्या, म्हणजे खाली काम करताना कवच डोक्यावर येणार नाही.

खाली : एक्झॉस्टचा मधला जोड सोडा. पुढचा भाग तारेने बॉडीला बांधून ठेवा. लवचिक जाळीच्या तुकड्यावर किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर त्याचं वजन पडू देऊ नका. गाडीच्या तळातल्या बोगद्यावरची आडवी पट्टी आणि उष्णतेचा पत्रा काढा. पत्र्याचे नट गंजून पत्र्यासकट फिरतात, अशा वेळी नटच कापा, बॉडीचा स्टड वाचवा.

आता आतून शेवटचा नट काढा, कवच तिरकं करून खाली घ्या आणि केबलसकट मागे ओढा. ओढण्याआधी केबल कुठून जाते, कशाच्या वरून आणि कशाच्या मागून, याचे निदान पाच-सहा फोटो. नवी केबल तीच वाट घेणार.

टेबलावर : तळाचं झाकण उघडा, केबलच्या क्लिपा काढा, दोन्ही केबल बाहेर. दांड्याचा गोळा, त्याची वाटी, स्प्रिंग पुसून पाहा. वाटी चिरलेली असेल तर तीही बदला, नाहीतर नव्या केबलवरही दांडा सैलच लागेल. गोळ्याला ग्रीस, नव्या केबल, नवं गॅस्केट, झाकण बंद.

परत घालताना केबलला पिळ पडू देऊ नका. कवचाबरोबर केबल फिरली की ती आतून ताणात राहते आणि ॲडजस्टमेंट कधीच स्थिर होत नाही. नवी केबल पाकिटात ज्या गोलाईत आली, त्यापेक्षा घट्ट वळण कुठेही नको. एम-८ चे नट-बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आत. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा आहे, जास्त ओढलं तर आट्या जातात.

उष्णतेचा पत्रा परत लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका. मोठ्या झालेल्या भोकांवर ते मोठे वॉशर टाका. केबल मरण्याचं मूळ कारण तिथेच आहे.

राजेंद्रनगर_आरएस

ॲडजस्टमेंटचं सविस्तर सांगा दादा. त्याचं नाव काढलं की सगळे "अंदाजाने बसवा" म्हणतात.

पाना_१३

अंदाज अजिबात नको भिया, या गिअरबॉक्सला अंदाजाची गरजच नाही. दोन्ही टोकं कुलूप लावून पक्की करता येतात.

गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद.

पहिलं, दोन्ही केबलच्या लॉकिंग कॉलर स्प्रिंगच्या विरुद्ध पुढे ओढा, शेवटपर्यंत, आणि डावीकडे फिरवा. तशाच अडकून राहतात. आता केबल लांबीला मोकळी आहे.

दुसरं, गिअरबॉक्सचा उभा शाफ्ट खाली दाबा. दाबून धरलेलाच ठेवून बाजूचा काटकोनी दांडा फिरवा आणि आत ढकला, तो शाफ्टमध्ये अडकतो. शाफ्ट आता पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत, न्यूट्रलमध्ये, कुलूपबंद.

तिसरं, आत या. दांडा न्यूट्रलमध्येच ठेवून डावीकडे पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत न्या. दांड्याच्या बुडाशी एक भोक आहे, त्याच्या समोर कवचात दुसरं. त्यातून पिन आरपार घाला. कंपनीची पिन नसेल तर साधारण ५ मिमीच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू वापरा. खेळ न ठेवता बसली पाहिजे. सैल वाटली तर पुढच्या जाडीचा बिट घ्या. पिन सैल असेल तर सगळी मेहनत वाया.

चौथं, आता दोन्ही कॉलर उजवीकडे फिरवून सोडा. स्प्रिंग त्यांना स्वतःच जागेवर नेते. हाताने केबल ओढू नका, ढकलू नका. ती जिथे थांबेल तीच लांबी बरोबर.

पाचवं, काटकोनी दांडा मूळ जागी फिरवा, पिन काढा.

आता तपासा. दांडा सोडला की तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत उभा राहिला पाहिजे. सगळे गिअर आठ-दहा वेळा टाका. दांडा खाली न दाबता रिव्हर्स पडता कामा नये. शेवटची तपासणी बहुतेक जण सोडून देतात, तुम्ही सोडू नका: पहिला गिअर टाका, कोणाला तरी आतून दांडा डावीकडे टेकेपर्यंत दाबायला आणि सोडायला सांगा, तुम्ही बॉनेटखाली शाफ्टकडे पाहा. शाफ्ट साधारण १ मिमी हलला पाहिजे. हलला नाही तर सिलेक्ट केबलची ॲडजस्टमेंट पुन्हा.

महूकर_डिझेल

तो १ मिमी कशासाठी?

पाना_१३

पहिल्या गिअरमध्ये केबल सैल श्वास घेत असली पाहिजे. शून्य असेल तर केबल गिअर पडलेला असतानाही शाफ्टला एका बाजूला रेटत राहते, ठोकळा झिजतो आणि पाचव्याची रांग अर्धवट मिळते. खूप जास्त असेल तर पहिल्याची रांग अर्धवट मिळते.

स्प्रिंगवॉशर

चुका कुठे होतात तेही लिहून ठेवते, पुढे कोणी वाचेल तर उपयोग होईल.

काटकोनी दांडा परत फिरवायचा राहिला, तर आत दांडा दगडासारखा घट्ट लागेल. घाबरून जोर लावू नका, आधी बॉनेट उघडून बघा.

कॉलर पूर्ण बसली नाही. बाहेरून बसल्यासारखी दिसते, पण आत धूळ असल्याने दात अर्धेच धरतात. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये गिअर सरकतात. बसल्यावर कॉलर बोटाने फिरवून पाहा, सैल वाटायला नको.

जुन्या गाडीत कॉलरचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, नुसती ॲडजस्टमेंट करायला गेलं तरी तुटतं. म्हणून नुसत्या ॲडजस्टमेंटचा प्रयत्न करण्याआधीही केबल मिळते का ते पाहून ठेवावं.

कवचाचे नट ॲडजस्टमेंटनंतर घट्ट केले. कवच अर्धा मिलिमीटर सरकलं तरी रांग बिघडते. आधी सगळे नट, मग पिन.

रबराचा खोल आतपर्यंत न बसलेला बूट. त्यातून पाणी पुन्हा आत.

राजेंद्रनगर_आरएस

आणि वाटेत केबल तुटलीच तर? भाग यायला वेळ लागेल, तोवर गाडी थोडी चालवावी लागेल.

खंडवारोड

सिलेक्ट केबल तुटली तर शाफ्ट स्प्रिंगने तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत जातो, म्हणजे तिसरा मिळेल. सपाट रस्त्यावर तिसऱ्यात हळूहळू क्लच सोडत उचला आणि शक्यतो थांबू नका, नाहीतर क्लचचा वास येईल. रिव्हर्स नाही हे लक्षात ठेवून गाडी उभी करा.

शिफ्ट केबल तुटली तर दांडा पुढे-मागे मोकळा हलतो आणि काहीच होत नाही. गाडी ज्या गिअरमध्ये होती त्यातच राहते. अशा वेळी इंजिन बंद, हँडब्रेक, बॅटरी काढून शाफ्ट हाताने खाली दाबायचा आणि वजनाचा लिव्हर फिरवून दुसऱ्यात टाकायचा. कोणत्या बाजूला पहिला आणि कोणत्या बाजूला दुसरा, ते आत्ता केबल शाबूत असतानाच बघून खडूने खूण करून ठेवा. मग बॅटरी परत जोडा, क्लच दाबून स्टार्ट, दुसऱ्यातच गॅरेजपर्यंत. बायपास घ्या, सिग्नलचे रस्ते टाळा. घाट मात्र नको, तिथे टोइंगच.

महूकर_डिझेल

थोडं विषयांतर. ओळखीत एक पोर्शे बॉक्सस्टर आहे, तिच्या दांड्याबद्दल असाच प्रश्न आहे. तिला हेच लागू पडेल?

पाना_१३

तत्त्व तेच, एक केबल रांगेची, एक गिअरची. फरक इतका की तिथे इंजिन मध्ये आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, म्हणून केबल दांड्यापासून मागच्या टोकापर्यंत लांब जाते आणि इंजिनच्या उष्णतेजवळून जाते. टोकं गोळा-वाटीची असतात. दांडा अचानक पूर्ण सैल झाला तर आधी वाटी गोळ्यावरून निसटलीय का ते पाहा, मगच केबल मागवा. इथली ॲडजस्टमेंट तिथे चालणार नाही, तिची रीत वेगळी आहे. तिच्यासाठी वेगळा धागा काढा, तो नीट लिहू.

राजेंद्रनगर_आरएस

काम झालं. दोन्ही केबल, रिले लिव्हर, गॅस्केट, पत्र्याचे सहाही नट वॉशरसकट. जुनी सिलेक्ट केबल हातात धरून तार ओढली तर मधेच अडते, आणि पत्रा लोंबत होता त्याच्या बरोबर वरच्या जागी वेष्टण वितळून चपटं झालंय. शिफ्ट केबलही त्याच जागी थोडी चपटी आहे, हलकी चालत असली तरी.

पहिल्या ॲडजस्टमेंटला पहिल्या गिअरमध्ये शाफ्ट अजिबात हलला नाही. पाचवाही शेवटी थोडा अडत होता. काय चुकलं असावं?

पाना_१३

पिन कितीची वापरली? आणि पिन घातल्यावर दांड्याची मूठ डावी-उजवी हलत होती का?

राजेंद्रनगर_आरएस

४ मिमीचा बिट होता. हो, मूठ थोडी हलत होती.

पाना_१३

तिथेच आहे. पिन सैल, म्हणून कॉलर सोडताना दांडा जागचा हलला आणि सिलेक्ट केबल चुकीच्या लांबीवर धरली गेली. ५ मिमीचा घेऊन फक्त ॲडजस्टमेंट पुन्हा करा. कन्सोल अजून लावलं नसेल तर दहा मिनिटांचं काम.

राजेंद्रनगर_आरएस

केलं. आता शाफ्ट १ मिमीच्या आसपास हलतो. पाचवा शेवटपर्यंत जातो, दांडा सोडला की मधे येऊन उभा राहतो. राऊ सर्कलपासून महूपर्यंत आणि परत, नंतर मुद्दाम जवाहर मार्गावर संध्याकाळी पाऊण तास. पहिला आणि रिव्हर्स तापल्यावरही एका बोटाने.

बॅटरी जोडल्यावर इंजिन थोडं वर-खाली धावत होतं आणि दोन काचा एका दाबात बंद होत नाहीत. ते?

स्प्रिंगवॉशर

दोन्ही गोष्टी बॅटरी काढल्यामुळेच. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू ठेवून तीन-चार मिनिटं थांबा, थ्रॉटल स्वतःची जागा शिकून घेतो, मग बंद करून स्टार्ट करा. काचा पूर्ण वर नेऊन बटण दोन सेकंद धरून ठेवा, एकेक दारासाठी.

लिथियमग्रीस

एक्झॉस्टचा नवा क्लॅम्प आठवणीने परत कसा. उद्या सकाळी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडावर दोन सेकंद जाड कपडा धरा आणि जोडापाशी फुसफुस ऐका. पत्र्याचे नटही ५०० किलोमीटरनंतर एकदा तपासा. पहिल्या काही तापण्या-थंड होण्यात वॉशर बसतात आणि नट अर्धा आटा सैल होतो.